शाळा बघण्याचा कार्यक्रम

शाळेची गुणवत्ता ठरवणं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला जड जाऊ नये, असा माझा प्रामाणिक समज होता. अर्थशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली आहे. त्यात संशोधनपद्धती नावाचा एक पेपर होता आणि त्या पेपरात मला चांगले मार्क होते. आधी निकष ठरवायचे, मग निरीक्षण करायचं, मग निष्कर्ष काढायचा. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी सहावी ते आठवीची एक सरकारी शाळा आहे, ती चांगली आहे की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. जगात लोक नद्यांवर धरणं बांधतात. मला एक शाळा बघायची होती.

कारण सांगते. लेक पाचवीत होती आणि तिची शाळा पाचवीलाच संपत होती. पुढे दोन वाटा. एक ही सरकारी शाळा. दुसरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेली खाजगी शाळा, जिच्या माहितीपत्रकावरची मुलं इतकी स्वच्छ होती की ती खरी आहेत की काढलेली, हे कळत नव्हतं. दोन्हीकडच्या अर्जांची मुदत एकाच मंगळवारी संपत होती, जणू दोघांनी आपसात ठरवून माझ्यावर डाव टाकला होता.

आणि लेक बोलत नाही. म्हणजे बोलता येतं, घरी कामापुरतं बोलते, पण वर्गात तोंडातून शब्द काढत नाही. मागच्या पालकसभेत तिच्या वर्गशिक्षिकेने माझ्याकडे बघून गोड हसत विचारलं, "तुम्ही कुणाच्या आई?" मी सांगितलं. "हो हो! गुणी आहे हो. आम्हाला काही म्हणजे काही त्रास नाही तिचा," असं म्हणून त्यांनी माझ्या शेजारच्या मुलीच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. ती माझी मुलगी नव्हती. माझी मुलगी त्यांच्या मागे उभी होती.

मला गुणवत्ता हवी होती म्हणजे नेमकं काय हवं होतं, तर आपल्या मुलीला कुणीतरी ओळखावं आणि तिने कधीतरी तोंड उघडावं. हा निकष संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नव्हता.

"शाळा ती शाळा. घाल की जवळच्या शाळेत," नवरा म्हणाला. "मी असल्याच शाळेत शिकलो."

मी त्याच्याकडे फक्त बघितलं.

"काय? काय वाईट झालं माझं?"

हा माणूस फ्रिज घेताना महिनाभर दुकानं पालथी घालत होता. प्रत्येक दुकानात दार उघडून, डोकं आत घालून, थंडावा किती येतो ते बघत होता. एका दुकानदाराने शेवटी विचारलं, साहेब, तुम्हाला फ्रिज हवाय की आत राहायला जायचंय? पण मुलीच्या शाळेची गोष्ट निघाली की शाळा ती शाळा.

मग मी सल्ला मागितला. ही चूक झाली. आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही, तो जिन्यात पडलेलाच असतो, चुकून पाय पडला तरी चिकटतो.

तळमजल्यावर ऑडिटरकाका राहतात. नोकरीतून निवृत्त झाले, पण ऑडिटमधून झाले नाहीत. इमारतीच्या दिव्यांपासून दुसऱ्यांच्या दुधाच्या पिशव्यांपर्यंत सगळं ते तपासतात. ते म्हणाले, "निकालबिकाल काही बघायचा नाही. निकाल माणूस लिहितो. तू नळ बघ."

"नळ?"

"नळ आणि संडास. जिथे नळाला पाणी येतं, तिथे कुणीतरी लक्ष देणारं असतं. जिथे लक्ष असतं, तिथे शिक्षण असतं. माझी सगळी नोकरी या एका नियमावर झाली."

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा नियम वेगळा होता. "नळाचं काय घेऊन बसलीस? शिक्षकांच्या चपला बघ. झिजलेल्या असतील तर समजायचं, वर्गात फिरून शिकवतात. नव्याकोऱ्या असतील तर खुर्चीत बसून असतात."

"किंवा नुकताच पगार झाला असेल," नवरा पेपरातून म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. वहिनी त्याच्याकडे नेहमीच दुर्लक्ष करतात आणि मला त्यांचा हा गुण आवडतो.

तर नळ, चपला आणि माझे स्वतःचे शास्त्रशुद्ध निकष एवढी सामग्री घेऊन मी निरीक्षणाला सुरुवात केली. शाळेच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तिथून फाटक चांगलं दिसतं. पण दुकानात नुसतं उभं राहता येत नाही, काहीतरी झेरॉक्स काढावं लागतं. पहिल्या दिवशी मी माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत काढली. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या दाखल्याची. मग विजेच्या बिलाची. मग जवळ काहीच उरलं नाही, तेव्हा विजेच्या बिलाच्या झेरॉक्सची झेरॉक्स.

"ताई," दुकानदार अगदी जपून म्हणाला, "कोर्टकचेरी चाललीय का घरात?"

"नाही हो."

"नाही, लग्नाचा दाखला, विजेचं बिल... आमच्या मेव्हणीचंही असंच सुरू झालं होतं."

मी मान ताठ ठेवून फाटकाकडे बघत राहिले. शाळा सुटली. मुलं बाहेर पडली. बाहेर पडली म्हणजे बाटलीचं बूच उडावं तशी पडली. आता यावरून गुणवत्ता कशी ठरवायची? मुलं आनंदाने बाहेर पळतात, म्हणजे आत त्यांना छळतात का? की आत आनंदात असतात म्हणून बाहेरही आनंदात? हळूहळू बाहेर आली असती तर मी काय निष्कर्ष काढला असता? असा विचार करत मी एका शिक्षिकेच्या चपलांकडे बघायला थोडी खाली वाकले, तर फाटकावरचा रखवालदार माझ्याकडे बघतोय असं दिसलं. तो दोन-तीन दिवस माझ्याकडे बघत असावा. त्याने हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली. मी निघाले. चपलांचं म्हणाल, तर त्यांनी बूट घातले होते.

चोरून काही होत नाही म्हटल्यावर मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. शाळेच्या कार्यालयात गेले. तिथे एक कारकून बाई होत्या, त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर डबा. मी म्हटलं, मला शाळा बघायची आहे.

"मुलगी कितवीत आहे?"

"अजून नाही. पुढच्या वर्षी सहावीत येईल. कदाचित."

"मग शाळा बघता यायची नाही. शाळा फक्त पालकांना दाखवतात."

"मी पालकच आहे."

"आमच्या नाही."

"पण बघितल्याशिवाय मी प्रवेश कसा घेऊ?"

"आणि प्रवेश घेतल्याशिवाय मी दाखवू कशी?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट मुद्दा इतका चोख बसल्याचं समाधान होतं. शेवटी कीव येऊन त्या म्हणाल्या, "शिक्षण खात्याच्या ऑफिसात जा. त्यांनी लेखी दिलं तर मी तुम्हाला गच्चीसुद्धा दाखवते."

शिक्षण खात्याच्या ऑफिसात मला तीन खिडक्यांवरून फिरवून एका साहेबांसमोर बसवण्यात आलं. साहेब सज्जन होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "गुणवत्ता तपासायचीय? अहो, कशाला त्रास घेता? ती आम्ही तपासतो. आत्ता मागच्याच वर्षी तपासली."

"मग? कशी निघाली?"

"समाधानकारक."

मला एकदम हायसं वाटलं. पण संशोधनपद्धतीने माझी पाठ सोडली नाही. मी विचारलं, "आणि पलीकडच्या वस्तीतली शाळा?"

"समाधानकारक."

"स्टेशनजवळची?"

"समाधानकारक."

"एखादी असमाधानकारक निघाली का कधी?"

साहेबांनी आठवून पाहिलं. "एक निघाली होती. तिचं छप्पर पडलं होतं. पण मग आम्ही पुन्हा तपासली."

"मग?"

"छप्पर नसल्यामुळे हवा खेळती होती."

"पण सगळ्या समाधानकारकांमध्ये जास्त चांगली कुठली, हे कसं कळणार?"

"ताई," साहेब मला समजावत म्हणाले, "समाधानात वरखाली नसतं."

मी घरी आले तेव्हा शुक्रवार होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याला म्हटलं, खाजगी शाळेचा फॉर्म भरून टाकू. तो म्हणाला, भर. मी म्हटलं, पण तिला बसमध्ये रोज जाऊन-येऊन दोन तास, त्यात ती एक शब्द बोलणार नाही. तो म्हणाला, मग नको भरू. या माणसाशी भांडताही येत नाही. लेक कोपऱ्यात बसून चित्राला रंग देत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "चालेल." मी विचारलं, काय चालेल? ती म्हणाली, "कुठलंही." आणि हिरवा खडू उचलला.

त्याच संध्याकाळी ऑडिटरकाका वर आले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू कुणाची तरी खोटी बिलं सापडली होती. "उद्या शनिवार. उद्या त्या शाळेत पालकसभा आहे. फाटक उघडं. सगळे पालक आत जाणार. कुणी विचारत नाही, कुणी अडवत नाही. आपण गर्दीतून आत शिरायचं."

"आपण?"

"मी आजोबा."

"काका, हे बरोबर आहे का?"

"अगं, अचानक भेट हा तपासणीचा आत्मा आहे. तू वर्ग बघ. मी नळ बघतो."

शनिवारी आम्ही गेलो. मी मुद्दाम साधे कपडे घातले होते, पालकासारखे. नंतर लक्षात आलं, मी पालकच होते, रोजच तसले कपडे घालते. रखवालदाराने मला ओळखलं. मी त्याच्याकडे न बघता पुढे गेले. काका मात्र थांबून त्याला "काय, ठीक ना सगळं?" असं साहेबी आवाजात विचारते झाले. त्याने काकांना सलाम ठोकला. काका तिथेच दोन इंच उंच झाले आणि संडासांच्या दिशेने निघून गेले.

मी वरांड्यातून चालू लागले. भिंतींचा रंग गुडघ्यापर्यंत गेलेला, त्याच्या वर शाबूत. खिडकीतून आत बघितलं, बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं. एका वर्गात फळ्यावर अर्धं पुसलेलं एक चित्र होतं, माणसाच्या पोटातल्या आतड्यांचं, आणि आतड्यांना कुणीतरी मिशा काढल्या होत्या. हे गुणवत्तेत कुठे धरायचं, ते ठरवत मी पुढच्या दाराशी उभी राहिले, तोच आतून आवाज आला.

"आलात? आलात एकदाच्या! या. बसा."

टेबलामागे एक शिक्षिका बसल्या होत्या. कोपरापर्यंत खडूची पूड, नाकावर चष्मा, आणि चष्म्यावरून बघण्याची ती नजर. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"इकडेतिकडे काय बघताय? तुम्हालाच म्हणतेय. किती निरोप पाठवले मी? मुलगी काय सांगते, आईला वेळ नाही, आईला वेळ नाही. बसा."

इथे मला खुलासा द्यायला हवा की मी तेव्हाच खुलासा का दिला नाही. मी एक सुशिक्षित, मतदान करणारी, स्वतःचं बँकखातं असलेली बाई आहे. पण "बसा" हा शब्द त्या आवाजात कानावर पडला आणि माझे गुडघे आपोआप वाकले. मी बसले. बसल्यावर खरं सांगायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "आधी माझं ऐका." मी ऐकलं. शिवाय, कबूल करते, मनाच्या एका कोपऱ्यात संशोधक जागा झाला होता. गुणवत्तेची अशी आतली माहिती पुन्हा कधी मिळणार होती?

"तुमच्या मुलीला वर्गात काय म्हणतात माहीत आहे? तोफ. तोफ म्हणतात! मीही म्हणते आता, माझ्याही तोंडात बसलंय. एक मिनिट शांत नाही. पलीकडच्या वर्गातले गुरुजी मला विचारतात, तुमच्या वर्गात आज गाणं होतं का? मी म्हणते, नाही, भागाकार होता."

माझ्या लेकीला कुणी तोफ म्हणतंय या कल्पनेने मी क्षणभर सुखावले. चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"हसू नका! हसण्यासारखं काय आहे? भागाकारात ती काय करते माहीत आहे का? उत्तर बरोबर येतं. आणि बाकी उरली की खोडून टाकते. रबराने. तिला वाटतं, बाकी उरली म्हणजे आपलं चुकलं. मी दोन आठवडे शोधत होते, हिचं गाडं नेमकं कुठे अडतं. मग एक दिवस तिच्या वहीतला रबराचा चुरा बघितला, तेव्हा कळलं. तुम्ही बघितलात कधी चुरा?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज अगदी सहावीतला निघाला.

"नाही! आणि तिसऱ्या तासाला ती पेंगते. का पेंगते? घरात तान्हं बाळ आलंय, ते रात्रभर रडतं, आणि ही त्याला झोके देत बसते. देते की नाही?"

"देत असेल," मी म्हटलं.

"असेल? तुमच्याच घरात?"

आता मात्र माझ्यातली आई उसळली. कुणाची का असेना, पोरगी बाळाला झोके देते, उत्तरं बरोबर काढते आणि तिला तोफ म्हणून हिणवतात म्हणजे काय? मी म्हटलं, "हे बघा बाई, मुलगी मनाने चांगली आहे. जरा मोठ्याने बोलते, तर बोलू द्या की! वर्गात न बोलणाऱ्या मुली बघितल्यात तुम्ही? त्या बऱ्या वाटतात तुम्हाला? त्यांचा त्रास नसतो, म्हणून?"

बाई थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पदराऐवजी चुकून डस्टरने पुसला, मग अंधुक काचांतून माझ्याकडे बघितलं. "मी कुठे म्हटलं वाईट आहे म्हणून? अहो, ती नसली की मला वर्ग रिकामा वाटतो. म्हणून तर इतक्या वेळा बोलावलं तुम्हाला. तिला लवकर झोपवा, आणि बाकी उरली तर उरू द्यायची, हे घरी एकदा सांगा. माझं ऐकते, पण आईचं जास्त ऐकेल. सांगाल?"

"सांगेन," मी म्हटलं आणि मनापासून म्हटलं. कुणाला सांगणार होते, कोण जाणे.

तेवढ्यात दारात धाप लागलेला आवाज आला. "बाई, माफ करा हं, शिलाईच्या कारखान्यातून सुट्टीच देत नव्हते. बाळाला शेजारी ठेवून आले." एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोन वेण्यांची मुलगी. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आईच्या खुर्चीत मी बसलेय हे पाहिलं, आणि मग जो आवाज निघाला, तो ऐकून तोफ हे नाव मला कमी वाटलं.

"बाई! ही माझी आई नाहीये!"

वरांड्यातल्या सगळ्या माना खिडकीत आल्या.

मी उभी राहिले. बाईही उभ्या राहिल्या. "मग तुम्ही कोण?"

तेवढ्यात माणसांमधून वाट काढत ऑडिटरकाका आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहरा तेजस्वी. "अगं, मुलींच्या बाजूचे सगळे नळ चालू! मुलांच्या बाजूचा एक गळतोय, मी पिळून बघितला तर माझ्याच हातात आला. पण खाली बादली होती!"

त्यांच्या मागे मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हातात नळ होता.

"कोण आहात आपण दोघं?" त्यांनी विचारलं.

"तपासणीला आलोय," काका म्हणाले, सवयीने.

"कुठल्या खात्याकडून?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "घरून," मी म्हटलं.

मग जे काही सांगायचं ते मी सांगितलं. पाचवी, मंगळवार, झेरॉक्स, समाधानकारक, सगळं. वाक्य अर्ध्यावर आलं की खिडकीतून कुणीतरी खिदळायचं. माझ्या पदवीचा उल्लेख मी दोनदा केला, त्याचा काही उपयोग झाला नाही. सगळं सांगून झाल्यावर तोफेच्या आईने पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या वाटची बोलणी तुम्ही खाल्लीत?"

"हो."

"सगळी?"

"भागाकार, झोप आणि आवाज. तेवढीच होती ना?" मी बाईंना विचारलं.

"तेवढीच," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"मग बाई, मी जाऊ का? बाळ उठेल!"

यावर मुख्याध्यापिका हसल्या. त्या हसल्या म्हणून वरांडा हसला. काकांना नळाचे पैसे भरण्याऐवजी तो स्वतः बसवून देण्याची सूट मिळाली, आणि ते पान्हा मागत निघूनही गेले. तोफेच्या आईला बाईंनी सोडलं नाही, सगळं पहिल्यापासून ऐकवलं. मी दाराशी थांबले होते. अपमान झाल्यावर ताबडतोब निघून जायचं असतं हे मला माहीत आहे, पण पायच निघेनात.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "मघाशी तुम्ही काहीतरी म्हणालात. न बोलणाऱ्या मुलींचं."

"माझीच आहे ती. न बोलणारी."

"गणित अडलं की काय करते? रडते? वही मिटते? शेजारणीचं बघते?"

मी आठवू लागले. ती काय खाते, किती झोपते, तिची उंची किती वाढली, खोकला कोरडा आहे की ओला, सगळं मला तोंडपाठ होतं. हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग सोमवारी पाठवून द्या. दिवसभर बसू दे माझ्या वर्गात. तुम्ही इतके दिवस शाळा बघताय, तिनेही बघू दे."

"पण नियमात बसत नाही म्हणाल्या कारकून बाई..."

"कारकून बाईंना मी बघते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्ही फक्त झेरॉक्सच्या दुकानात उभ्या राहू नका. आमचा रखवालदार रात्री नीट झोपत नाहीये."

सोमवारी लेकीला सोडून मी घरी आले. घरी आले म्हणजे घरी येऊन बसले नाही. कपाटं आवरली. पंखे पुसले. वहिनींनी विचारलं, चपला बघितल्यास का? काकांनी जिन्यातून ओरडून सांगितलं की नळ गळत नाही, त्यांनी सकाळी जाऊन खात्री केली आहे. नवऱ्याने ऑफिसातून फोन करून विचारलं, "कशी आहे ती?" शाळा ती शाळा म्हणणाऱ्या माणसाने दुपारपर्यंत चार वेळा फोन केला.

शाळा सुटायच्या कितीतरी आधी मी फाटकाशी होते. रखवालदाराने मला स्टूल दिलं. बहुधा मी बसलेली त्याला बरी वाटत असावी.

बूच उडालं. मुलं उडाली. सगळ्यात शेवटी बाई आल्या आणि त्यांच्या बरोबर लेक.

"दोनदा उठवलं हिला," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा गप्प उभी राहिली. मी म्हटलं, हरकत नाही, बस. तिसऱ्यांदा मी उठवलंच नाही, ही आपणहून उठली आणि म्हणाली, बाई, फळ्यावर चुकलंय. सात आठे छप्पन्न. तुम्ही चौपन्न लिहिलंय."

मला भरून आलं. काय ही शिकवण्याची हातोटी! मी म्हटलं, "बाई, तिला बोलतं करायला तुम्ही मुद्दाम चूक केलीत. तुमचे उपकार..."

"मुद्दाम?" बाई चांगल्याच दुखावल्या. "छे हो! चुकलंच माझं. मागच्या बाकावर मारामारी चालली होती, कुणाचं चित्त थाऱ्यावर राहील का? मुद्दाम कशाला लिहीन? हिने सांगेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं."

मी गारच झाले. म्हणजे गणिताच्या बाईंचा पाढा चुकतो. मागच्या बाकावर मारामारी होते. भरलेल्या वर्गात एकाही मुलाच्या लक्षात येत नाही. संशोधनपद्धतीने आता काय निष्कर्ष काढायचा? ही गोष्ट कुठल्या रकान्यात टाकायची? साहेब असते तर समाधानकारक म्हणून मोकळे झाले असते.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"करणार काय? खडू दिला हिच्या हातात. म्हटलं, ये आणि दुरुस्त कर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोफेने सगळ्यात जास्त, अजून कान दुखतोय माझा. बरं, निघते मी." आणि त्या वळून लेकीला म्हणाल्या, "आणि तू गं, गणित अडलं की पेन्सिलीचं टोक चावतेस. चावायचं नाही. विचारायचं."

लेकीने मान हलवली आणि माझा हात धरला. आम्ही चालायला लागलो. मी विचारावं की न विचारावं या पेचात होते, कारण विचारलं की ती "चालेल" म्हणते आणि विषय संपतो. म्हणून मी गप्प राहिले. झेरॉक्सचं दुकान मागे पडलं.

"आई," ती म्हणाली, "तोफ खूप जोरात बोलते."

"हो का?"

"तिला सगळं माहीत असतं. पण तिला बाकी आवडत नाही. मी तिला सांगितलं, बाकी म्हणजे चूक नाही, ती नुसती उरलेली असते. मग ती म्हणाली, तुला कसं माहीत? मग मी तिला चेंडू वाटून दाखवले. चेंडू नव्हते, खडूचे तुकडे होते. मग मागच्या बाकावरच्या एकाने तुकडे पळवले, म्हणून तर मारामारी झाली, पण बाईंना ते माहीत नाही. आणि आई, एका वर्गात पोटाचं चित्र आहे, त्याला मिशा आहेत, आणि त्या कुणी काढल्या ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, कारण..."

कारण सांगता सांगता रस्ता संपला. इमारतीच्या दारात ऑडिटरकाका नळाविषयी विचारायला उभे होते, त्यांना तिने हाताने बाजूला केलं आणि तसंच पुढे सांगत राहिली. जिन्यात वहिनी भेटल्या. वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आठवणीत असं प्रथमच घडलं. मला "हं" म्हणायलाही जागा मिळत नव्हती. तोफेच्या आवाजाची नक्कल झाली, मुख्याध्यापिकांच्या चालण्याची झाली, मग ती अचानक रुसून म्हणाली की तिला उद्यापासून परत त्या जुन्या शाळेत वर्षअखेरीपर्यंत जावं लागणार, हे किती वाईट आहे, आणि ते का वाईट आहे याची कारणं सुरू झाली.

नवरा लवकर घरी आला होता. दोन्ही शाळांचे फॉर्म त्याने टेबलावर शेजारी शेजारी मांडून ठेवले होते, पेनाचं टोपण काढून तयार. आम्ही दारातून आत आलो तसा तो घाईघाईने उठला.

"काय झालं? कशी आहे शाळा? कुठला भरायचा?"

"थांब," मी म्हटलं. "ती बोलतेय."